राइट बॅकचा सत्कार

माझा मामा आयुष्यभर एकाच फुटबॉल क्लबकडून राइट बॅक खेळला. क्लब कसबा पेठेतला. तरुणपणी एका बँकेने त्याला खेळाडूंच्या जागेवर नोकरी देऊ केली होती. अट एवढीच, की बँकेच्या टीमकडून खेळायचं. मामा नाही म्हणाला आणि नारायण पेठेतल्या एका रंगाच्या दुकानात काउंटरवर उभा राहिला, तो निवृत्त होईपर्यंत. आई अजून म्हणते, "बँकेने पेन्शन दिली असती. क्लबने गुडघा दिला."

यंदा क्लबने त्याचा सत्कार ठरवला. दरवर्षी वर्धापनदिनाला जुने विरुद्ध नवे असा सामना होतो आणि त्याआधी कोणाचा तरी सत्कार असतो. ज्याचा सत्कार होतो तो सामना खुर्चीत बसून बघतो. पुढच्या वर्षीही खुर्चीतच. असा नियम कुणी केलेला नाही, पण सगळे पाळतात.

क्लबचे सेक्रेटरी घरी आले आणि मला म्हणाले, "तू सांग त्यांना. तुझं ऐकतात ते." मी कमी बोलते, त्यावरून लोक समजतात की माझं ऐकलं जातं. जाताजाता ते म्हणाले, "परिचयाची चार वाक्यंही लिही. मराठीत जमेल ना?"

जमतं. अडचण वेगळी होती. फॉरवर्डचे गोल सांगता येतात. बॅकचं काम गोल होऊ न देण्याचं; त्याच्या कारकिर्दीत सांगण्यासारखं जे असतं, ते घडलेलंच नसतं.

मामा शेंगा सोलत होता. मी सत्काराचं सांगितलं.

"मला खेळायचंय," तो म्हणाला.

"आणि गुडघा?"

"तोही येईल."

मग त्याने सेक्रेटरींना फोन लावला. "शाल घाला, नारळ द्या, काय ते करा. दुसऱ्या हाफला मी उतरणार." पलीकडून बराच वेळ काहीतरी समजावणं चाललं होतं. शेवटी मामा म्हणाला, "पडलो तर पाहुणे उचलतील. बोलावलंयत कशाला त्यांना?"

रविवारी मी त्याला स्कूटरवरून मैदानावर नेलं. सत्कार झाला. माझी चार वाक्यं दुसऱ्या कुणीतरी वाचली. तशी व्यवस्था मी आधीच केली होती. दुसऱ्या हाफला मामा उतरला तेव्हा समोरच्या टीममधले सगळे ओळीने येऊन त्याच्या पाया पडले. खेळ तेवढा वेळ थांबला.

नव्यांचा फॉरवर्ड आयटीत नोकरी करणारा, चांगला वेगवान. तो बॉल घेऊन मामासमोर आला आणि थांबला. बॉल त्याने हळूच मामाच्या पायाशी सरकवला. मामाने तो पुढे मारला. टाळ्या पडल्या. पुन्हा तेच झालं, पुन्हा टाळ्या. त्यानंतर मामाने कमरेवर हात ठेवले आणि बॉलला पायच लावला नाही.

"घ्या ना काका," फॉरवर्ड म्हणाला.

"वर्गणी मागायला आलोय का मी? पुढे जा."

"तुम्हाला लागेल, काका."

"ते मी बघेन. तू जा."

पुढच्या वेळी तो खरंच गेला. बाहेरच्या बाजूने, सरळ. मामा वळेपर्यंत गोल झाला होता. या वेळी टाळ्या नाहीत. सगळे मामाकडे बघत होते. मामा "हां" एवढंच म्हणाला आणि आपल्या जागेवर, थोडा आणखी मागे, जाऊन उभा राहिला.

फॉरवर्ड पुन्हा त्याच बाजूने आला. बॉल मामाच्या आवाक्यात नव्हता. मामाने तरी पाय घातला. दोघे धुळीत पडले. रेफरी शिट्टी वाजवून धावत आला, तो मामाकडेच.

"काका, लागलं का?"

"मला काय विचारता? त्याला विचारा. फाऊल मी केलाय."

"असू दे हो."

"असू दे काय? मागून पाय घातलाय. कार्ड काढा."

रेफरीने सेक्रेटरींकडे पाहिलं. सेक्रेटरींनी माझ्याकडे. मी मान डोलावली.

रेफरीने पिवळं कार्ड दाखवलं, जरा खालीच धरून, देवळाबाहेर चप्पल धरतात तसं. मामाने खेळाडू करतात तसा हात वर केला, पँट झटकली आणि फ्री किकसाठी आपल्या लोकांची भिंत लावायला गेला.

"डावीकडे सरका," तो ओरडला. "अजून. अहो, तुम्ही पण."

सगळे सरकले.