भेव लागलं, दादा

देवळीच्या बाजारात गाद्या भरणाऱ्या एका माणसाच्या दुकानात मी बसत असे. तो सावकाश बोलायचा, एका वाक्यानंतर एक टाका घालून मग पुढचं. त्याच्या धाकट्या भावाला नसलेले आवाज ऐकू येत आणि तो घाबरून रानात पळे. शेजारी म्हणत, साखळीनं बांधून ठेव. हा विचारी, "बांधल्यानं भेव जाते काय?"

एका दुपारी भाऊ कान दाबून उठला. आमच्या घराण्यातला पहिला बी.ए. मी, त्याला ठणकावलं, "कोणी बोलत नाही. सगळा भ्रम आहे!" तो थरथरायलाच लागला.

"बीए साहेब, जरा दम धरा," म्हणत गादीवाला भावाजवळ सरकला. "भेव लागून राह्यलं का, बापू? मी आहो ना. हे टोक धर." दोघं मिळून गादी शिवू लागले. अर्धी होईतो भावाचा श्वास खाली बसला. मला मात्र राग आला होता, कबूल करतो.

पुढच्या बाजारी भाऊ पळत आला तो रानाकडे नाही, दुकानात. "भेव लागलं, दादा," एवढंच म्हणाला.

"बरं केलं, आला तं," गादीवाला नेहमीसारखाच सावकाश बोलला. पण सुईत दोरा काही त्याला ओवता येईना. तो मी ओवून दिला.