माळवदावरची माती

आमचे घर माळवदाचे होते. भोकरदन तालुक्यात, पिंपळगाव रेणुकाईपासून पायी तासाभराच्या अंतरावर आमचे गाव. त्यात वेशीला लागून पहिले घर आमचे. माळवद म्हणजे मातीचे सपाट छत. भिंतींवर लाकडी तुळया, तुळयांवर काटक्यांचा दाट थर, त्यावर निंबाचा पाला आणि सगळ्यात वर चोपून बसवलेली पांढरी माती. नीट उतार दिला की पावसाचे पाणी या मातीवरून वाहत पन्हाळीकडे जाते आणि घर कोरडे राहते.

उन्हाळा सरताना दरवर्षी माळवदाची डागडुजी होई. तिची रीत दोन भागांची होती. आधी जुनी माती बोटभर तासून काढायची, मग नवी बोटभर चढवायची. आमच्या घरी पहिला भाग कधी झाला नाही. जाड माळवदाखाली वैशाखातही गारवा राहतो, आणि वडिलांना त्या गारव्याचा अभिमान होता. विहिरीत बसल्यासारखे वाटते असे एखादा पाहुणा म्हणाला की ते वर बोट करून सांगत, ही माझ्या बापाच्या हातापासूनची माती आहे. सुताराला किंवा बेलदाराला त्यांनी घराला हात लावू दिला नाही. भिंत, चूल, दाराची चौकट, पन्हाळ, सगळे त्यांनी स्वतः केलेले होते आणि बहुतेक चांगले केलेले होते.

निजामी अंमलाच्या शेवटच्या उन्हाळ्यात जालन्याची माझी शाळा बंद पडली आणि मी मस्तगडातली भाड्याची खोली सोडून गावी आलो. मी एकोणीस वर्षांचा होतो. हत्यारबंद टोळ्या आसपासची गावे लुटत असल्याच्या बातम्या रोज येत. काही कुटुंबे हद्द ओलांडून वऱ्हाडात गेली होती. जे राहिले त्यांनी ठरवले की प्रत्येक माळवदावर दगड साठवायचे आणि टोळी आली तर वरून मारा करायचा. आमचे घर वेशीशी असल्यामुळे सर्वांत जास्त दगड आमच्या वाट्याला आले. वडिलांनी त्याशिवाय रस्त्याच्या बाजूने कमरेइतका दगडमातीचा कठडा बांधला. दगड मी वाहिले, चिखल मी तुडवला. कठडा सरळ आणि मजबूत झाला होता. गावातले लोक तो पाहायला येत.

त्या कठड्याखालच्या खोलीत आत्याचे जाते होते. आत्या वडिलांची थोरली बहीण. तरुणपणी विधवा होऊन ती माहेरी आली आणि घरचे दळण, सारवण, पोतेरे तिच्याकडे गेले. दिवसाचा बराच वेळ ती त्या खोलीतच असे.

दगड चढवून पंधरा दिवस झाले असतील. जेवताना भाकरीत कचकच लागू लागली. वडील म्हणाले, जात्याला टाकी मारायला झाली असेल. आत्याने जात्याचे दगड टाकीने टाचून घेतले. कचकच गेली नाही. मग तिने दळलेल्या पिठाच्या परातीवर धुतलेले पांढरे फडके पसरले आणि दुसऱ्या दिवशी ते तसेच चार टोकांनी धरून ओसरीवर आणले. फडक्यावर मातीचा पातळ थर होता. ती वडिलांसमोर ते धरून उभी राहिली.

"हे जात्यातलं न्हाई. वरून झडून राह्यलंय. दगडं उतरव, न्हाईतर माती तरी तासून घे."

"दगडं गावाची हायेत आक्का. आपणच उतरवले तर लोक काय म्हनतील?"

"लोक माझ्या खोलीत बसून दळत न्हाईत."

वडील हसले. पण त्यांनी खोली पाहिली. मधली तुळई खाली वाकली होती. त्यांनी निंबाचे एक खोड तोडून आणले, तुळईखाली उभे केले आणि बुडाशी पाचर ठोकून ते घट्ट केले. तुळई दोन बोटे वर उचलली गेली. मातीचे झडणे थांबले. वडिलांनी आत्याला बोलावून दाखवले. तिने खोडाला हात लावून पाहिला आणि बिलकुल बराबर झाले म्हणून मान्य केले. आठ दिवस भाकरीत काही लागले नाही.

तुळई उचलल्याने माळवदाचा उतार बदलला होता, हे कोणाच्या ध्यानात आले नाही. पूर्वी पाणी कोपऱ्यातल्या पन्हाळीकडे वाहत असे. आता ते मधल्या उंचवट्याला अडून कठड्याच्या पायाशी तुंबू लागले. श्रावणात झड लागली. अशा पावसात माळवदांवर पहारा कोणी देत नव्हते, म्हणून वर कोणी चढत नव्हते. दुसऱ्या दिवशी मी पन्हाळ साफ करायला वर गेलो. पन्हाळ मोकळी होती. कठड्याशी मात्र घोट्याइतके पाणी साचले होते. मी खाली येऊन वडिलांना सांगितले. ते म्हणाले, जरा उघडीप होऊ दे, मंग चर काढू. मला ते पटले. चर काढायला खोरे आणि अर्धा तास लागला असता.

माती पुन्हा झडू लागली तशी आत्या पुन्हा बोलली. यावेळी तिने आईला सांगितले. आईने वडिलांना सांगितले, आणि वडिलांनी पाचर आणखी एकदा ठोकली.

तिसऱ्या दिवशी दुपारी खोली खाली आली. आई आणि मी गोठ्यात होतो. आवाज मोठा नव्हता. ओले पोते टाकल्यासारखा होता. आधी माती पडली आणि तिच्यामागून दगड पडत राहिले. दगड थांबेपर्यंत आत जाता येईना. मग दहा-बारा माणसांनी हातांनी आणि टोपल्यांनी माती उपसली. आत्या जात्यावर वाकलेली सापडली. तिचा एक हात खुंट्यावर होता. ती जिवंत नव्हती. निंबाचे खोड सरळ उभे होते. भिंतीतले तुळईचे टोक वाळवीने खाल्ले होते आणि तेच निसटले होते. भिंतीला चिकटून राहिलेल्या मातीचा काप मी मोजला. तो दीड हात भरला. वर्षावर्षांचे थर त्यात वेगवेगळे दिसत होते.

दुसऱ्या दिवशी पोलीसपाटील पंचनाम्याला आले. सरकारी कागद उर्दूत लागत आणि गावात उर्दू लिहिणारा मीच होतो, म्हणून त्यांनी कागद माझ्याकडे दिला. वडील भिंतीला टेकून बसले होते. घर कशाने पडले असे पाटलांनी विचारले तेव्हा ते म्हणाले, "पावसानं."

आई आतून बाहेर आली. पाटलांसमोर ती एरवी बोलत नसे.

"वन्सं महिनाभर सांगत व्हत्या. ते बी लिव्ह."

पाटलांनी माझ्याकडे पाहिले. वडिलांनी पाहिले नाही. त्या पावसात आसपासची बरीच घरे पडली होती आणि पाऊस हे कारण कोणालाही खोटे वाटणार नव्हते. मी पाऊस लिहिले. पुढे वर्तमानपत्रात मी अपघातांच्या पुष्कळ बातम्या लिहिल्या. कारणाच्या जागी पहिला शब्द मी हा लिहिला होता. आई वाचू शकत नव्हती. काय लिहिले ते तिने मला विचारले नाही, आणि त्यानंतर कितीतरी दिवस दुसरेही काही विचारले नाही.

पाटील गेल्यावर लोक दगड न्यायला आले. टोळ्यांची भीती तशीच होती आणि वेशीजवळ आता आमच्या शेजाऱ्यांचे माळवद उरले होते. वडील उठले, ढिगाऱ्यातून दगड काढून एकेकाच्या हातात देऊ लागले. माणसांची रांग लागली. मीही रांगेत उभा राहिलो. शेजाऱ्यांच्या शिडीवरून दगड वर जात राहिले. त्यांच्या माळवदावर माती किती आहे हे कोणी विचारले नाही. मीही विचारले नाही.