फिनेल आणि मामीचे कामगार

आमच्या गल्लीत अशी बोलवा आहे की माझ्या मामीला वासच येत नाही. "नाहीतर चाळीस गायींच्या शेजारी बसून चहा कसा उतरतो हो घशाखाली?" समोरच्या इमारतीतल्या बाई नाक चिमटीत धरून विचारतात. हे वाक्य त्यांच्याच गेंगाण्या आवाजात वाचावं.

खरं तर मामीचं नाक भलतंच तिखट आहे. कुठल्या गायीचं पोट बिघडलंय, हे ती गोठ्याच्या दारातूनच सांगते. त्या बाईंनी तक्रार केली आणि नगरपालिकेचं पत्र आलं: दोन महिन्यांत वास आटोक्यात आणा, नाहीतर गोठा बंद.

मग मामीने शेणाच्या खड्ड्यावर झाकण घातलं. आतली हवा पंख्याने ओढून पाइपातून एका ढिगाखाली सोडली. ढीग होता लाकडाच्या ढलप्या आणि कुजलेल्या खताचा, गुडघाभर उंच.

"यात वास गाळायची जाळी कुठाय?" मी विचारलं.

"जाळी कशाला? ओल्या ढलप्यांवर जिवाणू बसतात. ते वास खातात."

"आणि खाऊन झाल्यावर?"

"तुझ्या मामासारखे घोरत नाहीत. पुन्हा खातात."

महिनाभरात वास खरंच उतरला. तेवढ्यात मामाला मदतीची हुक्की आली. साहेब तपासणीला येणार, ढीग कसा चकाचक हवा! त्याने दोन बाटल्या फिनेल ओतलं. तिसऱ्या दिवशी गल्लीभर पुन्हा शेणाचा घमघमाट.

मामीने आधी ढीग हुंगला, मग मामाचे हात. "अहो, माझे कामगार मारलेत तुम्ही!"

"अगं, मी फक्त जंतू मारले!"

"तेच म्हणतेय मी!"

उरले होते बावीस दिवस. मामीने ढीग उपसला, नव्या ढलप्या, जुनं खत घातलं. रोज मूठभर घेऊन दाबायची. हात ओला झाला पाहिजे, पण पाणी गळायला नको. शेवटच्या दिवशीही मला खात्री नव्हती. मी मामीशी पैज लावली: साहेब नाकाला रुमाल लावणारच. हरले, तर महिनाभर ढिगाला पाणी मी घालीन.

साहेब आले. इकडेतिकडे हुंगत एका उंचवट्यावर चढून उभे राहिले. "ओल्या मातीचा वास येतोय. ते वास गाळायचं यंत्र कुठाय?"

"त्याच्यावरच उभे आहात, साहेब. उतरा, दबलं की हवा अडते."

साहेब टुणकन उतरले, खिशात हात घातला आणि रुमाल काढला.

"काढला!" मी ओरडले.

त्यांनी बूट पुसले, वहीत 'गोठा चालू ठेवावा' असं लिहिलं आणि गेले.

मामीने पाण्याचा पाइप माझ्या हातात दिला. "नाकाला म्हणाली होतीस ना गं?"