पुलावरचं चित्र

गोरेगावहून सेनगावला मी रोज एकाच ड्रायव्हरच्या प्रवासी जीपनं शाळेत शिकवायला जातो. त्याच्या शेजारची जागा माझी. दुसरं कुणी बसलं तर तो त्याला मागं पाठवतो. माणूस बडबड्या, पण वाटेतला नदीवरचा पूल आला की गप्प होतो, गाडी अगदी हळू घेतो आणि ओठ हलवत राहतो. मला वाटायचं, जप करत असेल.

एकदा विचारलंच.

"जप न्हाई, सर. इथं आलं की गाडी पाण्यात पडलेली दिसते. कधी पडली न्हाई, पण दिसते. हिंगोलीचे मनाचे डॉक्टर म्हणले, चित्र तिथंच थांबवू नका, पुढं चालवा, माणसं बाहेर काढा. म्हणून एकेकाला काढून राहिलो."

"निघाली का सगळी?"

"मागची समदी निघाली. दूधवाल्या मावशीची कॅनसुद्धा."

"आणि मी?"

त्यानं रस्त्यावरची नजर काढली नाही. "तुमचं दार उघडून न्हाई राहिलं, सर."

दुसऱ्या दिवशी मी गुपचूप मागं बसायला गेलो. त्याचा चेहरा पडला.

"पुढंच बसा, सर. आज काढतोच."

मी पुढं बसलो. आता पुलावर त्याचे ओठ हलतात, आणि मी दाराची कडी घट्ट धरून असतो.