माहेरची गांडुळं

माझं माहेर बदलापूरजवळ शिरगावला आणि सासर अंबरनाथला, कारखान्याच्या क्वार्टरमध्ये. मध्ये एक स्टेशनसुद्धा नव्हतं. लोक म्हणायचे, पोरीनं नशीब काढलं, हाकेच्या अंतरावर माहेर! नशीब असं की, मामंजींच्या मते माहेर इतकं जवळ असल्यावर तिथे जायची गरजच नव्हती. थोरल्या जाऊबाईंचं माहेर लांब देशावर, म्हणून त्यांना दरवर्षी महिनाभर पाठवायचे. मला भाऊबीजेपुरतं, तेही सकाळच्या गाडीनं जाऊन संध्याकाळच्या गाडीनं परत. आई एका स्टेशनावर होती आणि तिला पोटभर भेटायला मिळत नव्हतं, याचा मला फार राग यायचा.

मामंजी कारखान्यात साहेब होते. इंग्रज गेले, पण जाताना लॉन ठेवून गेले, आणि कॉलनीत माणसाची किंमत त्याच्या दारातल्या गवतावरून ठरत असे. बड्या साहेबांची वर्षातून एकदा पाहणी असायची आणि उत्तम लॉनला बक्षीस. मामंजी लॉनवर चप्पल घालून कुणाला पाऊल टाकू देत नसत. सुनेच्या पायांना भेगा पडल्या तर चालत होतं, लॉनला पडता कामा नयेत.

मी मागच्या अंगणात एक खड्डा केला होता. भाजीची देठं, पालापाचोळा, गवळ्याकडचं शेण, आणि भाऊबीजेहून येताना ओल्या गोणपाटात बांधून आणलेली ओंजळभर गांडुळं. आमच्या शेतात ती आणावी लागत नाहीत, असतातच. इथे नुसता मुरूम. काही महिन्यांत खत झालं, चहाच्या चोथ्यासारखं काळं आणि भुसभुशीत. ते मी लॉनवर पसरलं. गवत माजलं आणि मामंजींना पहिलं बक्षीस मिळालं. गांडुळांनी त्यावर हक्क सांगितला नाही, मीही नाही.

पावसाळ्यात लॉनभर मातीच्या बारीक गोळ्यांचे ढीग दिसू लागले.

"लॉनला देवी आल्या की काय?" मामंजी ओरडले.

"गांडुळांची विष्ठा आहे, मामंजी. जमिनीला चांगली असते."

"विष्ठा? माझ्या लॉनवर?"

त्या दिवसापासून गांडुळं शत्रू ठरली. पण मधे नागपंचमी आली. आमच्याकडे पंचमी कडक. विळी बंद, तवा बंद, अंगणात कुदळ लावायची नाही. जमिनीतल्या कुणाच्या जिवाला धक्का लागता कामा नये, असं मामंजींनी सकाळीच बजावलं. दुपारी माझा भाऊ मला न्यायला आला. त्याला चहा मिळाला आणि "पुढच्या वर्षी बघू" मिळालं. तो एकटाच परत गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामंजींनी किडे मारायच्या पांढऱ्या पावडरीचा डबा स्वतःच्या हातानं लॉनवर आणि माझ्या खड्ड्यात रिकामा केला. संध्याकाळपर्यंत सगळी गांडुळं वर येऊन पडली होती. काल नागाला दूध, आज गांडुळांना विष. लांबी कमी पडली बिचाऱ्यांची. मी खड्ड्याशी बसून रडले. माहेरचं तेवढंच काय ते माझ्याजवळ होतं. यजमान म्हणाले, "बाबांना उलट बोलू नकोस." गांडुळालाही कणा नसतो, पण ते निदान जमीन तरी सुधारतं.

पुढच्या पावसाळ्यात लॉनवर एकही ढीग नव्हता. गवतही नव्हतं म्हणा. माती थापून घेतल्यासारखी घट्ट झाली, पाणी मुरेना, शेवाळ धरलं. अति शहाणा त्याचा बैल रिकामा. पाहणीला आलेल्या बड्या साहेबांनी छत्रीचं टोक टोचून बघितलं, ते आत जाईना. "जमीन मेलीय तुमची," ते म्हणाले. "एक गांडूळ दिसत नाही." मी सांगितलं तेव्हा ती विष्ठा होती. साहेबांनी सांगितल्यावर ते शास्त्र झालं.

संध्याकाळी मामंजी सासूबाईंशी बोलले, पण आवाज स्वयंपाकघरात पोचेल एवढा ठेवला. "सूनबाईला म्हणावं, माहेरी जाऊन ये. आणि येताना ते... गोणपाट घेऊन ये."

आई गेल्या चैत्रात तापानं अंथरुणाला खिळली होती, तेव्हा मला धाडलं नव्हतं. पंचमीला धाडलं नव्हतं. आता मी त्यांचं मन बदलायच्या आत गोणपाट काखेला मारून स्टेशन गाठलं.

आई ओटीवर बसली होती. फार वाळली होती. मला बघून तिला उठताही येईना.

"अगो, धाडली कशी तुला त्यांनी?"

"गांडुळं न्यायला."

आई हसता हसता रडायला लागली. मग पदरानं डोळे पुसून तिनं विचारलं, "किती न्यायचीत गो?"

"खूप," मी म्हटलं. "पण एका खेपेला एकच."