एकट्याला उचलता येईल असं मशीन

जयपुरात बसून समुद्रातल्या होडीसाठी मशीन शोधणारी बाई मी एकटीच असेन. बँकेत माझ्या शेजारी बसणाऱ्या बाईंना हे सांगितलं, तेव्हा त्यांनी आधी माझ्याकडे बघितलं आणि मग खिडकीबाहेरच्या धुळीकडे. "मॅडम, यहाँ तो नहाने का पानी टाइम पे नहीं आता," म्हणाल्या. खोटं काय होतं त्यात?

पण करणार काय! होडी मालवणच्या बाजूला, आणि होडीचे मालक इथे जयपुरात, दुर्गापुऱ्यात माझ्या हॉलमधल्या दिवाणावर, उजवा हात गळ्यात अडकवून. मालक म्हणजे माझे बाबा. त्यांचं होडीच्या मागे लावायचं जुनं रॉकेलवरचं मशीन खाडीच्या तोंडाशी बंद पडलं. ते नेहमीच पडायचं. एकदा गरम झालं की रुसायचं. बाबा दोरी ओढत राहिले, ओढत राहिले, आणि खांद्यातलं काहीतरी तुटलं. दुसऱ्या होडीने ओढून आणलं त्यांना. माझा नवरा इथल्या हॉस्पिटलात डॉक्टर, म्हणून त्यांना आम्ही इकडे आणलं. ऑपरेशन छान झालं. मात्र खांद्याच्या डॉक्टरांनी तपासणीला स्पष्ट सांगितलं, बरं झाल्यावर होडी चालवा, जाळं जपून ओढा, पण ते जुनं धूड पुन्हा उचलायचं नाही.

उचलायचं नाही म्हणजे संपलंच की. आमच्याकडे मशीन होडीवर ठेवून कोणी घरी येत नाही, रात्रीत गायब होईल. रोज होडी किनाऱ्याला लागली की मशीन सोडवायचं आणि बाबांनी आणि भागीदाराने दोन टोकं धरून रेतीतून चढ चढून घरी आणायचं. पहाटे परत तेच, उलट. डॉक्टर म्हणाले, "नाहीतर होडी विका, आराम करा." त्या दिवशी बाबा जेवले नाहीत.

एरवी जेवायचे, पण कुरकुरत. वैशाली नगरहून मी मुद्दाम मासे आणले, तर ताटाकडे बघून म्हणतात, "ह्या माशान समुद्र बघूक नाय कधी." टीव्हीचा आवाज मोठा, पंख्याचा वेग कमी, दूधवाल्या भैयाशी मालवणीत भांडण. नाकी नऊ आणले हो त्यांनी माझ्या! आणि तरी त्यांना तसंच कायमचं त्या दिवाणावर बसलेलं मला बघवलं नसतं. होडी विकली असती तर माझे बाबा महिन्याभरात म्हातारे झाले असते. आईचं तर विचारूच नका. ती घर सोडून आलीच नव्हती. बाबा तिकडे होते तेव्हा, गेली दोनेक वर्षं, सकाळी फोन केला तर कधी उचलायची नाही, नंतर विचारलं की एवढंच, "हात अडकलेले होते." मला राग यायचा. असं काय मोठं अडकतं बाई तुझं रोज सकाळी?

तर मशीन. हलकं हवं आणि दगा न देणारं हवं. नवऱ्याचं मत, घ्यायचंच तर जास्त ताकदीचं घ्या. त्याला मी म्हटलं, तुझ्या सासऱ्यांना शर्यत लावायची नाहीये, पापलेट धरायचंय. बाबांचा प्रॉब्लेम वेगळाच. त्यांच्या मते जड तेच मजबूत. मी मोबाइलवर पेट्रोलवर चालणाऱ्या छोट्या चार-स्ट्रोक मशीनचा फोटो दाखवला, तर म्हणाले, "काय गो, ह्यां मशीन की मिक्सर?"

मी स्वयंपाकघरात गेले आणि गॅसचे दोन्ही सिलिंडर हॉलमध्ये ओढून आणले, एक भरलेला, एक रिकामा. म्हटलं, "बाबा, जुनं तुमचं भरलेल्याहून जड. हे नवं दोघांच्या मधलं. आता बोला."  बाबांनी डाव्या हाताने रिकामा जरासा उचलून ठेवला आणि म्हणाले, "माका एकट्याक उचलूक व्हया." मला वाटलं, झालं, आता ह्यांची मिजास सुरू. ऑपरेशन झालंय, तरी कोणाची मदत नको!

राजस्थानात समुद्र नसला तरी धरणं आहेत, धरणांत मासे आहेत आणि माशांचे ठेकेदारही आहेत. त्यामुळे खातीपुऱ्याच्या पुढे पाण्याचे पंप विकणाऱ्या एका दुकानात अशी मशीनं मिळतात, हे नवऱ्याच्या एका पेशंटने सांगितलं. रविवारी आम्ही तिघं गेलो. दुकानाच्या मागे पाण्याने भरलेला निळा ड्रम होता, त्याच्या काठाला मशीन लावून चालू करून दाखवतात. दुकानदार अतिशय गोड. "बाबूजी, एक बार खींचो, बस," म्हणाला.

बाबांनी गळ्यातली पट्टी काढून माझ्याकडे दिली. उजव्या हाताने दोरी धरली. मी डोळे मिटले. पहिल्या ओढीला काही नाही. दुसऱ्या ओढीला घरघर झाली, ड्रममधलं पाणी उसळलं आणि नवऱ्याची पॅन्ट गुडघ्यापर्यंत भिजली. बाबा एवढे खूश झाले की काय सांगू! कितीतरी दिवसांनी हसले.

पण घेतलं नाही लगेच. "गरम झाल्यार चालू होता काय, तां बघूक व्हया," म्हणाले आणि मशीन तसंच चालू ठेवलं. दुकानदाराने चहा मागवला. चहा आला, पिऊन झाला, मशीन चालूच. मग बंद केलं, मुद्दाम थोडं थांबले, आणि पुन्हा ओढलं. एका ओढीत चालू. परत बंद, परत चालू. असं किती वेळा केलं देव जाणे. दुकानदाराचा गोडवा आटत चालला. "अब तो ले ही लो बाबूजी," असं तो जवळजवळ हात जोडून म्हणाला.

बाबांनी मशीन ड्रमवरून सोडवलं. दुकानातला माणूस पुढे झाला, तसे ओरडले, "कोणी हात लावूचो नाय!" त्या बिचाऱ्याला शब्द कळले नसतील, आवाज कळला. बाबांनी दोन्ही हातांनी मशीन छातीशी धरलं आणि चालत दुकानाबाहेर निघाले. बाहेर कोणाच्या तरी बांधकामासाठी बजरीचा, म्हणजे इकडच्या रेतीचा, ढीग पडला होता. सरळ त्यावर चढायला लागले! पाय रेतीत रुततायत, टाके नुकते भरलेले, आणि हे चालले वर. मी किंचाळले, "बाबा, वेड लागलंय का? खांदा जाईल!" नवरा धावला. बाबा ढिगाच्या माथ्यावर पोचले, वळले, खाली उतरले आणि मशीन हळूच माझ्या पायाशी ठेवलं. धाप लागली होती, पण खांदा ठीक होता. मी जी सुरू झाले ती थांबेचना. एवढा कसला हट्ट, दुसऱ्या कोणी टोक धरलं तर कमीपणा येतो का, वगैरे वगैरे.

बाबांनी सगळं ऐकून घेतलं. मग पट्टी परत गळ्यात अडकवत, माझ्याकडे न बघता म्हणाले, "भागीदार गेलो गोव्याक, ट्रॉलरार. दोन वर्षां झाली. तेव्हापासून दुसऱ्या टोकाक तुझी आवस असता. तिचे गुडघे बघलंस काय तू?"

 साठी उलटलेली माझी आई रोज सकाळी रेतीतून त्या धुडाचं एक टोक धरून चालत होती, आणि मी इथे फोन उचलत नाही म्हणून फुगून बसत होते. त्या बजरीच्या ढिगाशेजारी उभ्या उभ्या मला रडू फुटलं. दुकानदाराला वाटलं, मला किंमत जास्त वाटली. त्याने आपणहून तेलाचा डबा फुकट दिला.

मशीन ट्रान्स्पोर्टने पाठवलं. पेट्रोल पूर्ण काढून, माझ्या चांगल्या जयपुरी रजईत गुंडाळून. रजई कोणी दिली विचारू नका, मी ऑफिसात होते. डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर बाबाही गेले. दिवाण रिकामा झाला, पंखा परत माझ्या मर्जीने फिरायला लागला, तरी माझा जीव टांगलेलाच. खांदा टिकेल ना? मशीन मध्येच रुसणार नाही ना?

ते होडी घेऊन पहिल्यांदा गेले त्या सकाळी मी बँकेत कसंबसं काम रेटत होते. समोर पेन्शनवाल्यांची रांग. आणि फोन वाजला. आईचा. सकाळी!  रांग सोडून मी बाजूला गेले.

"इले गो," आई म्हणाली. "एकटेच मशीन घेवन इले वर. माका हात लावूक देवक नाय."

माझा जीव भांड्यात पडला. मागे लाटांचा आवाज येत होता, कोणीतरी कोणाला तरी हाका मारत होतं. मी म्हटलं, "मग आई, आज सकाळी फोन कसा काय केलास?"

 ती हसली.

"दोनय हात मोकळे गो माझे. काय करूचा तां कळाना, म्हणान तुका फोन लावलंय."