लिंबावरून गेलेली खुर्ची

माझ्या कमरेवर काय इलाज करायचा हे आमच्या घरात एकमताने ठरलं, तेव्हा मी आंघोळीला गेले होते.

बाहेर आले तर बैठक आटोपलेली. सासूबाई माझ्याकडे बघून जरा जास्तच गोड हसल्या आणि सासरे चपला पायात सरकवत होते. (आमच्याकडे सासऱ्यांना मामा म्हणतात. मामांचा सगळा जन्म कुंभार पिंपळगावच्या रानात गेला. आता ते नवीन जालन्यात आमच्याजवळ राहतात आणि दिवसभर दुरुस्तीला काही सापडतंय का ते शोधत असतात. त्या दिवशी त्यांना मी सापडले!)

"मामा, कुठे निघालात?"

"तुह्या कमरंचं बघून येतो," म्हणाले आणि गेलेसुद्धा.

तशी चूक माझीच होती. मी पुण्याच्या एका कंपनीचं हिशेबाचं काम घरून करते. बसायला प्लास्टिकची खुर्ची आणि टेबल म्हणून सासूबाईंचं जुनं पायांचं शिलाई मशीन. मीटिंगमध्ये घाबरले की माझे पाय आपोआप पायडल मारायला लागायचे. "मॅडम, तुमच्या शेजारी पिठाची गिरणी आहे का?" असं एका ग्राहकाने विचारलंही होतं. पुढे कंबर धरली, तेव्हा मी ऑफिसला लांबलचक मेल लिहिला. वाटलं, दया येईल, एखादी बरी खुर्ची पाठवतील. पण आलं ते नुसतं उत्तर! घरी बसायची सोय नीट नसेल तर पुण्याला येऊन काम करावं, इथे खुर्च्या उत्तम आहेत. ते ठरवायला सोमवारी अकरा वाजता ऑफिसच्या मॅडम व्हिडिओवर माझी बैठकव्यवस्था तपासणार होत्या.

मला पुण्याला जायचं नव्हतं. लग्नाआधी पाच मुलींत एक बाथरूम असे दिवस मी तिथे काढले होते. इथे नवरा होता, बँकेतून दुपारी जेवायला घरी येत होता, आणि मी नुकती कुठे या घराची व्हायला लागले होते. मेल वाचून मी सासूबाईंजवळ चक्क रडले. त्यावरूनच घरात ती बैठक भरली होती.

संध्याकाळी मामा ऑटोतून उतरले ते मांडीवर ट्रॅक्टरचं सीट घेऊन! गावाकडचा आमचा जुना ट्रॅक्टर विकायच्या आधी त्याचं सीट त्यांनी आठवण म्हणून काढून ठेवलं होतं. मोडक्या ऑफिस-खुर्चीची चाकं आणि दांडा त्यांनी भंगारातून मिळवला, आणि वेल्डिंगवाल्याच्या डोक्यावर उभं राहून दोन्ही जोडून घेतलं.

"मामा, हे... ऑफिससाठी?"

"अगं, ह्या शीटवर बसून म्या रात-रात नांगरलंय. कंबर कधी दुखली न्हाई. खाली स्पिरिंग हाये, बघ!"

मी बसले. स्प्रिंग मामांच्या वजनाला जुळवलेली होती आणि जुळवणीचा स्क्रू त्याच जागी गंजून बसला होता. माझं वजन तिला पटलं नाही. तिने मला वर पाठवलं, खाली घेतलं, पुन्हा वर पाठवलं. मी थांबले तेव्हा सासूबाईंनी विचारलं, "लागलं का गं?" आणि मामांनी विचारलं, "आराम पडला का?"

समोरच्या सरकी-ढेपेच्या, म्हणजे गुरांच्या खाद्याच्या, दुकानातून सुगनकाका हे सगळं बघत होते. त्यांचं घराणं राजस्थानातून आलं त्याला पिढ्या झाल्या. काका सकाळी दुकानातल्या पांढऱ्या गादीवर लोडाला टेकतात आणि संध्याकाळीच उठतात. त्या दिवशी मात्र मुद्दाम उठून आले.

"बेटा, खुर्ची ही बसायची चीजच न्हाई," ते म्हणाले. "मी गिऱ्हाइकाला खुर्ची देतो. का? जल्दी उठून जातं म्हणून. ज्याला बसायचं त्यानं गादीवर बसावं."

"गादीवर बसून नांगरता येतं का शेठ?" मामांचा आवाज चढला.

"सूनबाईला नांगरायचं कुठंय?"

शेवटी समेट झाला. काकांनी एक लोड दिला आणि मामांनी तो बैलाच्या कासऱ्याने सीटच्या पाठीला आवळून बांधला. पण दांडा आणि स्प्रिंग मिळून मी आता इतकी उंच झाले की मशीन गुडघ्याखाली गेलं. म्हणून मशीनखाली विटा आल्या. मग लॅपटॉप कपाळाला आला, म्हणून माझ्याखाली उशी आली. मग पाय लोंबकळायला लागले, म्हणून पायाखाली पाट आला! रविवारी नवऱ्याने त्या सगळ्या प्रकाराला एक फेरी मारली आणि "मला बँकेत काम आहे" म्हणून निघून गेला. (रविवारी!)

एवढं करूनही खुर्ची दाराकडे घरंगळायची. फरशीचा उतार तिकडेच आहे. त्यावर मामांकडे उपाय तयार होता. उभ्या ट्रॉलीच्या चाकाला लावतात तसा एकेका चाकाला एकेक दगड लावला.

सोमवारी अकराला मी कानाला हेडफोन लावून, मोबाइलचं नेट लॅपटॉपला जोडून, मोबाइल मांडीवर घेऊन बसले. मॅडम पडद्यावर आल्या.

"पाठीला आधार आहे?"

"हो मॅडम." मी मान हलवली. तेवढ्याने स्प्रिंग जागी झाली.

"तुम्ही वरखाली का होताय? नेट हलतंय का?"

"हो मॅडम, इकडे नेट हलतं."

"बरं, लॅपटॉप हातात घ्या आणि सगळी व्यवस्था दाखवा बघू."

मी लॅपटॉप उचलला. तेवढ्यात मागून उदबत्तीचा वास आला. वळून बघते तर सासूबाई ओवाळणीचं ताट घेऊन उभ्या, आणि मामा गुडघ्यावर बसून खुर्चीच्या चाकांपुढे एकेक लिंबू ठेवतायत!

"मामा, हे काय करून राह्यले?" मी माइक बंद करून पुटपुटले.

"नव्या वाहनाची पूजा नको व्हय?"

"हे वाहन नाही, खुर्ची आहे!"

"चाकं हायेत ना? शीट ट्रॅक्टरचं हाये ना? मंग वाहन न्हाई तं काय? त्या दिसी पूजा न्हाई केली म्हणून तं हलून राह्यलंय. दम धर, बिलकुल आवाज करत न्हाई."

सासूबाईंनी मला कुंकू लावलं, सीटला लावलं आणि घाईत लॅपटॉपलाही लावलं. (मॅडमना डाव्या कोपऱ्यात एक लाल ठिपका दिसू लागला.) मामांनी सगळे दगड काढले, नारळ उचलला आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडले, "चल, घे लिंबावरून!" आणि लोडाला हलकासा हात लावला.

हलकासाच. पण लिंबं फुटली, त्या रसावर चाकं सटकली, आणि खुर्ची मला घेऊन दाराबाहेर पडली. दारापुढे मोटारसायकल चढवायला नवऱ्याने सिमेंटचा उतार करून घेतलाय. वर चढताना त्यावर मोटारसायकल नेहमी अडते. उतरताना मी कुठेही अडले नाही!

"अरे वा, तुमचं बॅकग्राउंड बदलतंय," कानात मॅडमचा आवाज. "हलणारं घेतलंय का?"

"हो... मॅडम..." मी कसाबसा माइक चालू केला होता आणि शब्दागणिक उडत होते.

"मागे कोणीतरी नारळ घेऊन पळतंय. तेही त्यातच आहे?"

"ब्रेक मार! अगं ब्रेक मार!" मामा मागून ओरडत होते. कुठला ब्रेक, तो त्यांनीच बसवायचा राहिला होता. ढेप न्यायला आलेल्या म्हशीवाल्याने सायकलसकट भिंतीला पाठ लावली आणि मला अदबीने वाट दिली. पुढच्या क्षणी खुर्ची सुगनकाकांच्या दुकानाच्या पायरीवर आदळली. ती तिथेच थांबली. स्प्रिंगने मात्र आपलं काम चोख केलं आणि मला लॅपटॉपसह वर फेकलं.

मी पडले ती थेट गादीवर. पाठ लोडाला आणि लॅपटॉप काकांच्या बैठ्या डेस्कवर, उघडाच! डोळे उघडले तर मॅडम माझ्याकडे टक लावून बघत होत्या. मी मांडी घातली, कारण दुसरं काय करावं ते सुचेना. आता पुणंच, असं मनात म्हणाले.

"अहो, हे छान आहे की!" मॅडम म्हणाल्या, आणि हेडफोन निसटल्यामुळे ते दुकानभर ऐकू गेलं. "पाठीला आधार, कोपर बरोबर, मागे पोतीबिती लावून सजावटही गावरान. हे आधी का नाही दाखवलंत? घरून काम मंजूर. फक्त रोज इथूनच लॉगिन करायचं आणि सकाळी या जागेचा फोटो पाठवायचा."

माझ्या तोंडून "हो मॅडम" कधी गेलं ते कळलंच नाही. शेजारी सुगनकाका मामांकडे बघत हळूच म्हणाले, "बोललो होतो न्हाई, गादीवर?" मामांनी नारळ पायरीवर फोडला आणि म्हणाले, "आणलं कुणी इथवर? माह्याच शीटनं."

तेव्हापासून मी रोज दहा ते सहा सरकी-ढेपेच्या दुकानात नोकरी करते, पगार पुण्याचा. गेल्या आठवड्यात मीटिंगमध्ये "ताई, ढेप काय भाव?" असं कुणीतरी मागून विचारलं आणि मी माइक चालू असताना भाव सांगितला. (पुण्याच्या एकाने घासाघीस केली.) ट्रॅक्टरचं सीट आता टीव्हीपुढे आहे. मामा त्यावर बसून वरखाली होत बातम्या बघतात.

कंबर एकदम बरी आहे. पण बैठ्या डेस्कवर दिवसभर वाकून बघून आता मान दुखायला लागली आहे. वळून बघायचं तर मी अख्खीच्या अख्खी वळते. सासूबाई विचारतात, "काय गं, अवघडली का?" मी हसून "न्हाई, बिलकुल न्हाई," म्हणते. घरात याबद्दल अवाक्षर काढायचं नाही, आणि निदान महिनाभर आंघोळीला जास्त वेळ लावायचा नाही, हे मी पक्कं ठरवलंय. गावाकडच्या गोठ्यात मामांनी बैलांचं जूसुद्धा जपून ठेवलं आहे.